रिटर्न डेमो

उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे येता कामा नये. साठी ओलांडेपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. मिरजेजवळच्या एका नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलावर बसून ते कळलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी रिकामी खाट लावत होती. चादर झाली, ड्रॉ शीट म्हणजे कमरेखालची आडवी चादर झाली, उशी ठेवून झाली. मग ती दोन पावलं मागे सरली, मान वर करून दाराकडे पाहिलं, आणि परत जाऊन उशी फिरवून ठेवली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भाचीने हातातल्या चेकलिस्टवर काहीतरी खरडलं. मी हळूच विचारलं, “काय लिहिलंस?”

“तिनं दार बघितलं,” भाची म्हणाली. “तेवढंच.”

भाची तिथे ट्यूटर आहे. माझा जन्म गेला नाटकांच्या तालमी आणि गाण्याच्या बैठका बघण्यात, आणि जमेल तसं त्यावर लिहिण्यात. “मामा, दुसऱ्यांच्या तालमी एवढ्या बघता, एकदा आमची बघायला या. फक्त मध्ये बोलायचं नाही,” असं बजावून तिने बोलावलं होतं. तासाभरात जांभया येतील अशी माझी खात्री होती. दुपारी दोन वाजता तिला मला जेवायला ओढून न्यावं लागलं.

आमच्या सांगली-साताऱ्याकडे ‘तालीम’ म्हटलं की विचारावं लागतं, कुठली? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून एक तालीम नाटकवाल्यांची. दुसरी तांबड्या मातीची. कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतले. नर्सिंगच्या लॅबला मात्र कोणी तालीम म्हणत नाही. तिथले शब्द ‘डेमो’ आणि ‘रिटर्न डेमो’. मॅडम करून दाखवतात तो डेमो, मुलगी तेच करून दाखवते तो रिटर्न डेमो. तो जमला की लॉगबुकात सही, आणि सही झाली की पोस्टिंगला गेल्यावर वॉर्डात त्या कामाला हात लावायचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात नर्सिंग फाउंडेशन या विषयाला ८० तास लॅब आहे आणि १६० तास क्लिनिकल. एक तास तालीम, दोन तास प्रयोग. आमच्या हौशी नाटकमंडळींना हे प्रमाण उलटं असूनही पुरत नाही, हे जाता जाता सांगतो.

भाचीचा स्वतःचा डेमो आधी बघितला. इंजेक्शन कसं द्यायचं, हा विषय. पहिल्या खेपेला ती एक अक्षर बोलली नाही. वॉर्डात ज्या गतीने काम होतं त्याच गतीने तिने सगळं केलं, आणि मुली नुसत्या बघत राहिल्या. गुरू पहिल्यांदा बंदिश सबंध गाऊन दाखवतो, मग तुकडे करून देतो, तसं. दुसऱ्या खेपेला हळू, प्रत्येक पायरीचं कारण सांगत. खरी गंमत तिसऱ्या खेपेला. आता सूचना एका मुलीने द्यायच्या आणि भाचीने फक्त हुकूम पाळायचा. मुलगी म्हणाली, “सिरिंज घ्या.” घेतली. “औषध भरा.” भाची तशीच उभी. “भरा ना, मॅडम.” मॅडम ढिम्म. मुलीने चार वेळा वर-खाली पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं: सुईवरची टोपी काढा असं आपण सांगितलंच नाही! वर्गात हशा पिकला. ती मुलगी हसली नाही. तिने सगळी वाक्यं पुन्हा पहिल्यापासून म्हटली, आणि या वेळी टोपीबरोबरच कुपीचं लेबल वाचणंही त्यात आलं, जे मघाशी राहून गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाने नटाला दोष न दाखवता तो त्याच्याकडूनच वदवून घ्यावा, ही करामत मी चाळीस वर्षांत फार थोड्यांना साधलेली पाहिली आहे.

हात धुण्याचं मी एरवी एका ओळीत उरकलं असतं. साबण आणि पाण्याने ४० ते ६० सेकंद, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण इथे मुलींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातमोजे चढवले आणि साबणाऐवजी तळहातावर चित्रकलेचा निळा रंग ओतला. धुवा हात. मुलींनी मन लावून चोळले. पट्टी सोडली तेव्हा तळवे निळे, बोटांच्या फटी निळ्या, आणि बहुतेकींच्या अंगठ्याची मागची बाजू पांढरीफटक. उजव्या हाताने कामं करणाऱ्या मुलींचा उजवा अंगठाच जास्त करून राहिला होता. जो हात दुसऱ्याला चोळतो त्याला कोण चोळणार? एक मुलगी बराच वेळ त्या पांढऱ्या अंगठ्याकडे बघत राहिली. भाची एवढंच म्हणाली, “आता पट्टी न बांधता धुवा.” साठ अंगठे मुठीत धरून गरागरा फिरताना पाहणं हा माझ्यासारख्या बघ्याला मिळालेला अनपेक्षित नजराणा होता. नळ बंद करताना सगळ्यांनी कोपर वापरलं, तेही टिपून ठेवतो.

खाट लावणं हे या विद्येचं सा-रे-ग-म. बाहेरच्यांना ते घरकाम वाटतं. मलाही वाटत होतं. बघायचं कसं ते सांगतो. चादर झटकायची नाही, उलगडायची. झटकली की धूळ आणि तिच्यावर बसलेलं सगळं शेजारच्या खाटेवर जातं. कपडा छातीशी धरायचा नाही, कारण आपला गणवेश दहा खाटांवरून फिरून आलेला असतो. चादरीची मधली घडी गादीच्या बरोबर मध्यावर. मग कोपरा. डोक्याकडची बाजू गादीखाली खोवून घ्यायची, कडेने लोंबणारी चादर हातभर अंतरावर चिमटीत धरून वर उचलायची, गादीवर तिचा त्रिकोण पाडायचा, खाली उरलेलं आत सारायचं आणि मग तो त्रिकोण खाली सोडून खोवायचा. पाकिटाच्या तोंडासारखी ४५ अंशांची तिरपी रेघ उभी राहते. एका बाजूचं सगळं संपवल्याशिवाय दुसऱ्या बाजूला जायचं नाही; तीस खाटांच्या वॉर्डात त्याने सकाळभरात किती पायपीट वाचते त्याचा हिशेब करा. वर कमरेच्या जागी मॅकिन्टॉश. हे रबरी कापड म्हणजे चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ साली पेटंट घेतलेल्या जलरोधक कापडाचं वंशज. विलायतेत त्या नावाचे रेनकोट झाले. आपल्या वॉर्डांत त्या साहेबाचं नाव दोनशे वर्षांनीही रुग्णाच्या पाठीखाली शाबूत आहे. त्यावर ड्रॉ शीट, आणि तिच्यावर मुलीने उलटा तळहात फिरवला. सुरकुती शोधत होती. हलता न येणाऱ्या माणसाच्या माकडहाडाखाली चादरीची एक चुणी रात्रभर राहिली तर सकाळी तिथे लाल चट्टा असतो, आणि पुढे जखम. उलटा तळहात एवढ्यासाठी की तो सुलट्याइतका निबर झालेला नसतो. पैठणीचा पोत बघणाऱ्या जाणत्या बायका हात असाच फिरवतात.

आता रक्तदाब. इथे मी स्टूल पुढे ओढलं, कारण हा कानाचा मामला आहे आणि गाव मिरज आहे. सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवत कान लावून बसतो; एका केसाच्या अंतरावर तार बंद वाजते आणि एका केसाच्या अंतरावर बोलू लागते. त्याचा मुलगा वर्षानुवर्षं नुसता शेजारी बसून ऐकतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते लाकडाला आणि भोपळ्याला मिळालं असेल, पण कागदावर न येणारी गोष्ट ते ऐकणं. लॅबमध्ये तेच चाललं होतं, फक्त तार माणसाच्या दंडात होती.

रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह याने १९०५ साली दाखवून दिलं की दंडावरची पट्टी आवळून रक्त अडवलं आणि मग हळूहळू सैल सोडलं, तर खालच्या धमनीत आवाज उमटतात. पहिली स्पष्ट टकटक ऐकू आली तो वरचा आकडा, आवाज पूर्ण विरला तो खालचा. मधल्या प्रवासात टकटकीला आधी फुसफुस मिसळते, मग ठोका खणखणीत होतो, मग कोणीतरी तबल्यावर हाताचा पंजा ठेवावा तसा तो दबतो आणि नाहीसा होतो. पाच अवस्था. एवढं नाट्य वीस-तीस सेकंदांत संपतं, आणि नवख्या मुलीला त्यातलं काहीच ऐकू येत नाही; ऐकू येतो तो स्वतःच्या छातीतला ठोका आणि पंख्याची घरघर.

भाचीकडे यासाठी एक मजेदार वस्तू होती. एका डबीला दोन जोड्या कान असलेला स्टेथोस्कोप. एक जोडी मुलीच्या कानात, एक तिच्या. दोघी एकच ठोका एकाच क्षणी ऐकतात. मुलीने पट्टी कोपराच्या खळगीच्या वर दोन बोटं सोडून बांधली, आणि स्टेथोस्कोप न लावता आधी मनगटाची नाडी धरून फुगा दाबू लागली. नाडी बोटाखालून गेली तो आकडा लक्षात ठेवला, हवा सोडली, थोडं थांबली, आणि मग त्याच्यावर आणखी ३० पर्यंत चढवून ऐकायला सुरुवात केली. हे नाडीचं प्रकरण पुष्कळ ठिकाणी घाईत गाळलं जातं. वाचकहो, पुढच्या वेळी तुमचा रक्तदाब कोणी घेतला तर मुद्दाम बघा. काही वयस्क, जुना रक्तदाब असलेल्या माणसांत हे आवाज मध्येच थोडा वेळ गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. ज्याने नाडी धरली नाही, तो त्या खालच्या सुरुवातीलाच पहिली टकटक समजतो आणि १८० च्या माणसाला १४० सांगून घरी पाठवतो. हवा सोडणंही सेकंदाला दोन-तीन अंकांहून जास्त वेगाने नाही. स्क्रू तिने असा फिरवला की काटा उतरताना दिसत होता पण धावताना दिसत नव्हता. मींड यापेक्षा सावकाश आणि यापेक्षा सलग घ्यायला नामांकित सतारियांनाही प्रयास पडतात.

“किती?” भाचीने विचारलं.

“एकशे बावीस वर… खालचा नाही आला, मॅडम. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. एक मिनिट थांबून परत घेऊ?”

जेवताना भाचीने सांगितलं, की पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाचा रक्तदाब १२०/८० असतो. ऐकू कोणालाच येत नाही, पण पुस्तकातला आकडा सगळ्यांना येतो. दोन जोड्या कानांचा तो स्टेथोस्कोप तिने मुली तपासायला आणलेला नाही. ‘नाही आला’ असं म्हणायची लाज जावी म्हणून आणला आहे. आपल्यासारखंच मॅडमनाही हॉर्नमुळे ऐकू आलं नाही, हे एकदा कळलं की मुलगी ते वाक्य मोकळेपणी बोलते. मी त्या मुलीचं वाक्य वहीत शब्दशः उतरवून घेतलं होतं. अजून काढून वाचतो.

डमीबद्दल दोन शब्द. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचं इस्पितळ उघडलं (सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव), तेव्हा जगात नर्सेसना शिकण्यासाठी धड अशी बाहुली नव्हती. ती आली १९११ साली, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या इस्पितळात. तिथल्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख बाईंनी मार्था चेस नावाच्या खेळण्यातल्या बाहुल्या करणाऱ्या कारागीर बाईला पुऱ्या माणसाच्या उंचीची बाहुली करायला सांगितली. ‘मिसेस चेस’ म्हणूनच ती ओळखली जाऊ लागली. पुढच्या बाहुल्यांत दंडावर इंजेक्शनसाठी जागाही केली गेली. तोंडाने श्वास देण्याच्या सरावाची बाहुली १९६० साली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डालने केली, तोही खेळणीवालाच. मला हे फार आवडलं. आजचे डमी श्वास घेतात, खोकतात, डोळे मिटतात आणि लाखांत किंमत घेतात. काही ठिकाणी ते प्लॅस्टिकच्या कव्हरात इन्स्पेक्शनची वाट बघत पडून असतात, ही गोष्ट वेगळी. साध्या रबरी हाताचाही एक दोष भाचीने दाखवला: शंभर मुलींनी टोचून टोचून शिरेच्या जागी भोकांची रांग तयार झालेली असते. मुलगी शीर शोधत नाही, भोक शोधते. भाचीने त्या रांगेवर चिकटपट्टी लावली होती आणि हात उलटा ठेवला होता. कॉपी पकडण्याचा हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

कमरेवरच्या इंजेक्शनच्या जागेचं पुस्तकी वर्णन वाचून डोळे मिटतात. हाताने करून दाखवलं तर मुद्रा दिसते. रुग्णाची डावी बाजू असेल तर आपला उजवा तळवा. तो मांडीच्या हाडाच्या बाहेर आलेल्या गाठीवर टेकवायचा, अंगठा जांघेकडे. तर्जनी पुढे कमरेच्या हाडाच्या टोकावर, मधलं बोट मागे त्याच हाडाच्या कडेने ताणलेलं. दोन बोटांत जो कोन उघडतो त्याच्या मध्यावर सुई, ९० अंशांत. पूर्वी कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चौथ्या हिश्शात टोचायचे. तिथून पायाची मोठी नस जवळ, अंदाज चुकला तर पाय लंगडा. या त्रिकोणात तशी नस नाही, जाड शीर नाही. आणि ही फूटपट्टी ज्याच्या त्याच्या पंज्याची, हाडं ज्याची त्याची, तरी जागा दर वेळी बरोबर सापडते. एका बुटक्या, किडकिडीत मुलीचा पंजा डमीच्या कमरेवर पुरेना, तेव्हा तिने तळवा जागचा न हलवता बोटं थोडी ताणली आणि हाडाचं टोक चाचपून गाठलं. गवंडी ओळंबा सोडतो तशी शांत होती ती.

सुई टोचणं मात्र माणसावर चाललं होतं. म्हणजे माणसाच्या दंडावर बांधलेल्या रबरी पॅडवर. रुग्ण झाली होती वर्गातलीच एक मुलगी, जत तालुक्यातली. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती खाटेवर बसली आणि बसल्याबरोबर सत्तर वर्षांची झाली. भाव्यांच्या सांगलीत हे असंच व्हायला हवं.

“आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.”

“नाव कशाला पायजे? सुई मारायची हाय न्हवं? मार की.”

“मारायची नाही आजोबा, द्यायची आहे. नाव सांगा, वडिलांचं पण सांगा.”

यातलं मर्म भाचीने नंतर उलगडलं. ‘तुम्ही पाटील ना?’ असं कधी विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि सांगली जिल्ह्यातल्या वॉर्डात ‘पाटील कोण?’ म्हणून हाक दिली तर चार खाटांवरून हात वर होतात. नाव त्याच्या तोंडून यायला हवं आणि मनगटावरच्या पट्टीशी जुळायला हवं. मग औषधाचं लेबल: उचलताना, भरताना, ठेवताना, तीनदा. मुलगी तिन्ही वेळा थांबली. म्हातारबुवांनी तेवढ्यात कानडीत काहीतरी कुरकुर सुरू केली. मिरजेत पुष्कळ रुग्ण कर्नाटकातून येतात, ‘नोवु’ म्हणजे दुखणं एवढं तरी इथल्या मुलींना यावंच लागतं. मुलीने ते ओळखलं.

“लई दुखंल का गं पोरी?”

इथे मी कान टवकारले. ‘अजिबात नाही’ हे ठरलेलं उत्तर. मी आयुष्यभर तेच ऐकत आलो आणि दर वेळी ते खोटं निघालं. मुलगी म्हणाली, “टोचेल आजोबा. पण मी सांगून टोचते. हात सैल सोडा.” मग दंडाच्या वरच्या हाडाखाली दोन-तीन बोटं मोजली, “आता हं,” म्हणाली, आणि सुई एका सरळ झटक्यात गेली. वेग सुईला होता. औषध दाबताना घाई नव्हती. तिची नजर सिरिंजवर नव्हती हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. बोटं आपलं काम करत होती आणि डोळे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होते. आठवड्यापूर्वी याच मुलीला सिरिंज कुठल्या हातात धरायची हे बघावं लागत होतं, असं भाची म्हणाली. पोस्टिंगला जाण्याआधी आत्मविश्वास यावा म्हणून जी भाषणं होतात ती मी ऐकली आहेत. आत्मविश्वास हा शब्द त्या दिवशी लॅबमध्ये कोणी उच्चारला नाही. मला तो दिसला तो त्या नजरेच्या जागेत: हाताला डोळ्यांची गरज संपली आणि डोळे रुग्णाला मिळाले. गाणारा तालाची मात्रा बोटांवर मोजायचं थांबवतो, त्या दिवशी त्याचं गाणं सुरू होतं. फरक एवढाच की इथे बेताल झालं तर श्रोत्याला भोगावं लागतं. सुई बाहेर आली. टोपी परत घातली नाही. थेट सुया तोडायच्या कटरमध्ये, तिथून पांढऱ्या डब्यात. म्हातारबुवांनी टॉवेल सोडला आणि ते पुन्हा एकोणीस वर्षांचे झाले.

सगळ्यात शेवटचा रिटर्न डेमो ड्रेसिंगचा होता आणि मी जिला आतापर्यंत लक्ष देऊन बघितलंही नव्हतं अशा एका अबोल मुलीचा. निर्जंतुक हातमोजे घालण्याची रीत आधी समजून घ्यायला हवी, कारण ती तर्कशास्त्राची छोटी रत्नमाळ आहे. मोज्याची कड बाहेर दुमडलेली असते. उघड्या हाताने फक्त त्या दुमडीला, म्हणजे मोज्याच्या आतल्या अंगाला शिवायचं; पहिला मोजा त्या दुमडीला धरून चढवायचा. आता तो हात शुद्ध. शुद्ध हाताने दुसऱ्या मोज्याच्या दुमडीच्या खाली, म्हणजे बाहेरच्या अंगाला बोटं घालायची आणि तो दुसऱ्या हातावर ओढायचा. कातडी कातडीला, रबर रबराला. दोन्ही हात मग छातीसमोर, कमरेच्या वर; खाली गेले की बाद. सोवळ्यात वाढलेल्या माझ्या आजीला हे एका मिनिटात समजलं असतं आणि तिने वर दोन चुका काढल्या असत्या.

मुलीने पहिला मोजा घातला. दुसरा घातला. हात छातीसमोर धरले. ट्रे लावलेला होता, किडनी ट्रे, चिमटे, गॉज, सगळं हाताशी. चेकलिस्ट भरत आली होती, भाचीचं पेन शेवटच्या रकान्याकडे चाललं होतं. मुलगी थांबली.

“अनस्टराईल झालं, मॅडम. अंगठा मनगटाला लागला.”

मी बघत होतो, मला दिसलं नव्हतं. भाची बघत होती, तिलाही दिसलं नव्हतं. खोलीतल्या कोणालाच ते कधी कळलं नसतं. मुलीने दोन्ही मोजे उलटे करत काढले, लाल डब्यात टाकले, बेसिनशी गेली आणि हात धुवायला सुरुवात केली. अंगठे धरून, पूर्ण. परत आली, नवं पाकीट फोडलं, आणि पहिल्या पायरीपासून सगळं केलं. वेळ संपली म्हणून तिचे दोन मार्क गेले. भाचीने शेऱ्याच्या जागी काय लिहिलं ते मी विचारलं नाही; पेन मात्र बराच वेळ कागदावर होतं. ‘सीतास्वयंवर’पासून आजवर या भागात जे काही उत्तम सादर झालं असेल त्या यादीत माझ्यापुरता हा प्रवेश मी घालतो. प्रेक्षक नसतील तर अभिनय कोण करणार असं आम्ही म्हणत आलो. ही मुलगी कोणी बघत नसल्यासारखी वागली, कारण वॉर्डात रात्री तीन वाजता कोणीच बघत नसतं.

परत येताना एस.टी.त मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला बरं वाटत नाही. बरीच वर्षं झाली, एका इस्पितळात मी तापाने पडलो होतो आणि शिकाऊ मुलगी सलाईनसाठी शीर शोधत होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सुई लागताच मी खेकसलो, “कुणाला शिकलेलं पाठवा!” ती ट्रे तिथेच ठेवून गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी पाहिलाच नव्हता. थरथरणारी बोटं तेवढी आठवतात. आज वाटतं, तिला कोणी चिकटपट्टी लावलेला रबरी हात दिला नसणार. माझाच हात तिचा पहिला असणार.

भाचीच्या मुली सोमवारी सकाळी वॉर्डात जातील. सांगलीच्या सिव्हिलला, साताऱ्याला, कराडला, अशा किती कॉलेजांच्या किती मुली दर सत्राला जातात. त्यातली एखादी तुमच्या खाटेपाशी येईल, पूर्ण नाव विचारेल आणि म्हणेल, “मी बीपी घेऊ का?” हो म्हणा. बाही पुरती वर सारा, पाय जमिनीला टेकवा, पायावर पाय घेऊन बसू नका. आणि ती कानात स्टेथोस्कोप घालेल तेव्हा मिनिटभर बोलू नका. तिला ऐकायचं असतं.